केन हिल: टेकडी चढणाऱ्या नावा

इंग्लंड, विल्टशायर. डिव्हायझेस गावाबाहेरच्या या उतारावर काळे-पांढरे लाकडी दांडे एकावर एक चढत गेलेले दिसतात, तो केनेट अँड एव्हन कालवा. टेकडीच्या अंगावर एका रांगेत १६ लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद, त्यात पातळी वरखाली करून नाव चढवतात-उतरवतात; ते दांडे या दरवाजांचेच. आगेमागेची धरून २९, आणि चढण ७२ मीटर. जॉन रेनी या अभियंत्यानं आखलेल्या कालव्यातला हा जिना सगळ्यात शेवटी, १८१० साली पुरा झाला.

खालून एक नॅरोबोट आत आली. अरुंद, लांबलचक, छपरावर फुलांच्या कुंड्या. मागचे दरवाजे मिटले. आता काठावरची बाई लोखंडी हँडल फिरवतेय. दातेरी पट्टी खटक्याखटक्यानं वर सरकते, पाण्याखालची झडप उघडते आणि पाणी फेसाळत आत घुसतं. भिंतीवरचा शेवाळी पट्टा बुडू लागतो. सुकाणू धरलेल्या माणसाचं आधी डोकं दिसतं, मग खांदे.

नावेला वर उचललं ते नुसत्या पाण्यानं.

वरचे दरवाजे मात्र अजून हलणार नाहीत, कितीही रेटा. ते वरच्या पाण्याकडे टोक करून मिटलेले असतात आणि पाण्याचा दाबच त्यांना आवळून धरतो. पातळी जुळली, की तोच दरवाजा एकटं माणूस पाठ लावून ढकलतं. इथे येऊन बघावा तो हाच क्षण! काठावरच्या गप्पा थांबतात आणि कुणीतरी हमखास पुढे होऊन दांड्याला हात लावतं.

प्रत्येक खेपेला लॉकभर पाणी खाली जातं. लॉक इतकी जवळजवळ, की मधे पाणी साठायला जागाच नाही. म्हणून रेनीनं बाजूला रुंद तळी खोदून घेतली. १९९६ पासून पायथ्याचे पंप दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर पाणी पुन्हा माथ्यावर चढवू शकतात.

रेल्वे आली आणि माल तिकडे वळला. १९४८ मध्ये शेवटची मालवाहू नाव इथून गेली. पुढे दरवाजे कुजले, लॉक कोरडी पडली. हा कालवा बुजू दिला नाही तो स्वयंसेवकांनी. वर्षानुवर्षं पैसा जमवला, गाळ उपसला. १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो पुन्हा खुला झाला.

अख्खी चढण पार करायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे दुपारी ठरावीक वेळेनंतर नवी नाव आत घेत नाहीत. बघायला यायचं तर सकाळीच या.