चार आठवड्यांची गोळी

श्रोतेहो, नमस्कार.

घराबाहेर पडताना किल्ली आणि पाकीट घेतले की नाही हे आपण सगळेच चाचपून पाहतो. काही माणसे त्यांच्याबरोबर गोळ्यांची स्ट्रिपही चाचपतात. गोळीची वेळ झालेली नसते, पण ती खिशात नाही एवढे कळले तरी छातीत धडधडू लागते. डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या, चिंता शमवणाऱ्या गोळ्यांच्या या सवयीविषयी आज बोलायचे आहे.

या गोळ्यांच्या गटाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. त्यातले पहिले औषध १९६० साली बाजारात आले आणि १९६३ साली डायझेपाम आले. त्याआधी झोपेसाठी आणि चिंतेवर दिल्या जाणाऱ्या बार्बिट्युरेट औषधांचा डोस थोडा जास्त झाला तरी जिवावर बेतत असे. त्या मानाने ही गोळी निर्धोक वाटली आणि ती सढळ हाताने लिहिली गेली. सवयीचा हिशेब मात्र मागे राहिला. दोन ते चार आठवड्यांहून अधिक काळ ही औषधे देऊ नयेत, असा सल्ला ब्रिटनमधील औषध-सुरक्षा समितीने १९८८ साली दिला. तरीही वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवली जाते.

आपल्या मेंदूत गाबा नावाचे रसायन चेतापेशींची धावपळ आवरते आणि ही गोळी त्याचा जोर वाढवते. पण रोजच बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू त्या मदतीला धरूनच आपली घडी बसवतो. मग गोळी चुकली तर झोप उडते, हात थरथरतात, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आणि पूर्वी कधी वाटली नव्हती एवढी भीती दाटून येते. खरी फसगत इथेच होते. आजार अजून गेलेला नाही, असे रुग्णाला वाटते, घरच्यांनाही वाटते, आणि डोस वाढतो. वास्तविक पुष्कळदा तो मूळ आजार नसतो, अंगातून उतरणाऱ्या औषधाचाच तो परिणाम असतो. याच गटातल्या अल्प्राझोलामसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीत तर दोन डोसांच्या मधल्या काळातही हे जाणवू शकते.

सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यालाही हे होते, म्हणून त्याला व्यसनी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. ‘मन घट्ट कर आणि गोळ्या फेकून दे’ हा सल्ला तर धोक्याचाच आहे, कारण दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम थांबवल्यास आकडी येऊ शकते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे १९८२ ते १९९४ या काळात डॉ. हेदर अ‍ॅश्टन यांनी या गोळ्या सोडवण्याचे क्लिनिक चालवले. शरीरात अधिक काळ टिकणाऱ्या डायझेपामवर रुग्णाला आणायचे आणि मग त्याच्या कलाने, काही महिने लागले तरी चालतील, डोस उतरवत न्यायचा, अशी त्यांची रीत होती. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते.

प्रत्यक्षात हे काम फार बारीक असते. कागदावर गोळी ठेवून तिचे अर्धे, मग पाव करायचे, आणि पात्याखाली तिचा चुरा झाला की तो बोटाने टिपायचा. नवल म्हणजे, पहिली मोठी कपात सोसलेली माणसेही शेवटच्या त्या कणापाशी अडतात. तो कण सुटल्यावरही स्ट्रिप खिशात राहतेच. तिच्यावरची मुदत केव्हा संपली, हे एखाद्या दिवशी सहज पाहताना लक्षात येते.