दहावीच्या निकालानंतर सांगून काय उपयोग

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय ‘आठवी ते दहावीच्या मुलांना करिअर कसं शिकवावं’ असा छापलाय, त्यावर येतोच, पण आधी आमच्या शाळेतल्या पाण्याच्या मोटरची गोष्ट सांगू द्या, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलताच येत नाही.

आमची शाळा कराडपासून एसटीनं अर्ध्या तासावर. एका उन्हाळ्यात टाकीची मोटर नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. शिपाईमामा म्हणाले वायंडिंग जळलं, तालुक्याला न्यावी लागणार. तिथं नववीतला एक पोरगा उभा होता, तो म्हणाला, “सर, वायंडिंग नाय, मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेलाय. जळल्याचा वास येतोय का बघा.” खरंच येत नव्हता. मधल्या सुट्टीत सायकल मारत गेला, बाजारातून कपॅसिटर घेऊन आला, मेन स्विच बंद केला, नवा बसवला, आणि मोटर सुरू. पोरं नळाखाली डोकी घालून नाचली अक्षरशः! दुसऱ्या दिवशी परिपाठात आम्ही त्याला पेन दिलं, टाळ्या वाजवल्या. आणि विसरून गेलो.

पुढं दहावीला त्याला ९१ टक्के पडले. फेटा, पेढे, चौकात फ्लेक्स. सत्काराच्या स्टेजवर जो बोलला तो सायन्सच म्हणाला, मीही म्हणालो. वडलांनी सोसायटीचं कर्ज काढून लांब शहरात इंटिग्रेटेडला, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र असतात तिथं घातलं, तिथं कॉलेजची हजेरी कागदावर आणि दिवसभर नुसते एमसीक्यू, दोन वर्षं पोरानं पक्कड हातात धरली नाही. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा स्कोअर असा आला की मनासारखं कुठंच लागेना. जुलैत शाळेत आला, त्याच मोटरपाशी उभा राहून मला विचारतो, “सर, कराडला सरकारी पॉलिटेक्निक आहे, दहावीवर तिथं इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला जाता येतं, हे तुम्हाला माहीत होतं का?”

माहीत होतं हो. मी सांगितलं नाही. ९१ टक्केवाल्याला डिप्लोमा सुचवायचा नसतो, आयटीआय म्हणजे कमी मार्कांच्या पोरांची सोय, हे आपण शिक्षकांनीच मनात धरून ठेवलंय, आणि माझी खरी तक्रार त्याच्यावर आहे. अहो फळ्यावर हिशेब तर मांडा. अकरावी-बारावी २ वर्षं, इंजिनिअरिंग ४, झाली ६. डिप्लोमा ३ वर्षं, त्यावर इंजिनिअरिंगच्या थेट सेकंड इयरला प्रवेश, पुढची ३, म्हणजे पण ६च! वर हातात काम येतं ते वेगळं. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालासुद्धा डिप्लोमाच्या सेकंड इयरला जाता येतं. आमचा पोरगा शेवटी बारावी सायन्सवर तसाच डिप्लोमाच्या सेकंड इयरला लागला, आता बरं चाललंय त्याचं, पण सोसायटीचा हप्ता अजून वडील भरतायत.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं राहिलीत, भराभर सांगतो.

आठवीत भाषण नको, काम दाखवा. पोरांना आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये न्या, लेथवर जॉब, म्हणजे लोखंडाचा तुकडा, फिरताना कातरण कशी वळत येते ते बघू दे, लॅबवाला, नर्स, सर्व्हेअर यांना शाळेत बोलवा. मुलींना आधी पुढं बसवा. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची एनडीएची परीक्षा २०२१ पासून मुलींना खुली झालीय, आणि नववीतल्या किती पोरींना हे कुणी सांगितलंय?

नववीत वाटांचा नकाशा काढून घ्या, पोरांच्या हातानं. कुठून कुठं जाता येतं, कुठलं दार कशानं बंद होतं. अकरावीला आर्ट्स घेतलं तर इंजिनिअरिंग, मेडिकल बंद, पण लॉ उघडं, सीए उघडं. शेतकऱ्याच्या पोराला राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आणि बीएस्सी ॲग्रीची सीईटी माहीत पाहिजे. २०१६ साली दहावीला कल चाचणी सुरू झाली, चांगलंच होतं, पण मुलाचा कल कळल्यावर पुढं त्याच्याशी बसून बोलणारं कोण होतं?

दहावीत कागद. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर. व्यावसायिक कोर्सच्या प्रवेशात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरातल्या मुलींची शिक्षण फी २०२४ पासून सरकार पूर्ण भरतं, पण दाखलाच नसेल तर काय करणार? आणि जात पडताळणी! व्हॅलिडिटीसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेतल्या नोंदीची नक्कल मागतात, लोक बिचारे जूनच्या गर्दीत वणवण फिरतात, आणि ती नोंद असते कुठं? आपल्याच ऑफिसच्या कपाटात, जुन्या जनरल रजिस्टरमध्ये, वाळवी लागत. या दिवाळीच्या सुट्टीआधी तेवढी रजिस्टरं बाहेर काढा, पुसा, आणि नववीच्या पोरांना त्यात आपापल्या आजोबांचं नाव शोधायला बसवा.