जूनमधली पहिली पंगत

मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो, जून उजाडला की कुणी शिक्षक माणमधून जावळीत, कुणी पाटणच्या खोऱ्यातून कोरेगावात बदलून येतं. हजर झाल्याची सही होते, वेळापत्रक हातात पडतं आणि दुसऱ्या तासाला ते वर्गावर असतात. परिपाठानंतर उभं राहून नाव आणि विषय सांगितला, एवढीच त्यांची ओळख. पुढे दिवाळी येते, तरी शिपाईमामा कुठल्या गावचे हे त्यांना ठाऊक नसतं.

याचा फटका मुलांना बसतो. सातवीतली एक मुलगी चार दिवस गप्प-गप्प आहे, हे गणिताच्या सरांना दिसतं. पण तिच्या घरी काय चाललंय हे माहीत असतं पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना, कारण त्या तिच्याच वाडीतल्या. या दोघांत कधी बोलणंच होत नसेल तर सरांना ते कळायचं कसं?

आपण साताऱ्यात बसलो आहोत. इथे १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह सुरू केलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं तिथे एकत्र राहिली, राबली, एका पंगतीत जेवली. माणसं जवळ आणायची ती रीत शिक्षकांनाही लागू पडते, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून नव्या शिक्षकांच्या स्वागताला शाळेतल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची एक पंगत करा. पण हॉटेलातलं जेवण नको. तिथे जो तो आपल्या नेहमीच्या माणसाशेजारी बसतो. शिवाय वर्गणी सर्वांना सारखी लावली, तर मानधनावरच्या शिक्षण सेवकाला आणि स्वयंपाकी ताईंना ती जड जाते, आणि ती माणसं काहीतरी कारण सांगून येतच नाहीत. संध्याकाळही नको, लांबून एसटीने येणाऱ्या बायकांना ती जमत नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की शाळेतच दोन तास काढा. शनिवारचा उपवास कुणाचा आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

त्या दिवशी ताईंना चुलीजवळ जाऊ देऊ नका. भाजी चिरायला सर बसतील, भाकरी ज्याला जमते तो थापेल. नव्या माणसाबरोबर शाळेतलं एक जुनं माणूस कामाला जोडून द्या. कांदा चिरता चिरता जे बोलणं निघतं, ते माइकपुढे निघत नाही. मात्र आडनावावरून गाव आणि गावावरून जात काढायची आपल्याकडची सवय त्या जागी कटाक्षाने टाळा. लग्न का नाही केलं, हेही नको. लहानपणी शाळेत कोण शिक्षक आवडायचे, एवढं विचारा. माणूस आपोआप बोलायला लागतो. वाढायला मुख्याध्यापकांनी उभं राहावं आणि यू-डायसची, म्हणजे सरकारला भरून द्यायची शाळेची माहिती कुणाची राहिली हा विषय काढू नये.

कास पठाराची सहल काढायची असेल तर ती मागाहून होईल. फुलं बहरायला सप्टेंबर उजाडतो, तोवर ओळखी झाल्या असतील तर गाडीत गप्पा रंगतील.

मघाशी एका बाईंनी विचारलं, डोंगरातल्या दोन शिक्षकी शाळेने काय करायचं? तिथे केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या शाळांनी शिक्षण परिषदेच्या, शिक्षकांच्या एकत्र बैठकीच्या दिवशी हे जमवावं. शिक्षक तसेही एका शाळेत येतातच. येताना आपापल्या स्वयंपाकी ताईंनाही बरोबर आणावं.