तुळईचे टोक

पडद्यावर दिसणारा हा जिना लाकडाचा आहे आणि त्याला सावरून धरणारे टेकू लोखंडाचे आहेत. दक्षिण मुंबईतील या भाड्याच्या चाळीत रोज याच टेकूंना वळसा घालून माणसे पाणी वर नेतात.

आता मोरीलगतच्या भिंतीकडे पाहावे. गिलावा सुटलेल्या जागी तुळईचे टोक उघडे पडले आहे. भिंतीत बसवलेल्या याच टोकाशी ओल धरते, लाकूड आतून भुसभुशीत होते आणि बाहेरचा भाग मात्र बराच काळ धडधाकट दिसत राहतो. त्यावर रंगाचा हात फिरवणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले गेले, भाडेकरूंना त्याचा मोठा आधार मिळाला, परंतु भाडे वाढत नाही म्हणून अनेक घरमालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले. पुढे १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि संरचनात्मक दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन केले. आज ते काम म्हाडाकडे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आहे. पण मंडळ आले म्हणून घरमालकाची जबाबदारी संपत नाही, हे ठासून सांगायला हवे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, भाडेकरूने वेगळा करार केलेला नसेल तर, जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू एकेकटे किंवा मिळून ती करून घेऊ शकतात आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. गोठलेल्या भाड्याच्या चौथ्या हिश्शात तुळई बदलून होत नाही, हे कायदा करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे होते.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत आणि १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. दोन्हीकडे माणसे दगावली.

या खोलीत जमलेले भाडेकरू संयुक्त नोटिशीवर सह्या करीत आहेत. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईचा पॅड ठेवला आहे. टपालाची पोच भाडेपावत्यांच्या पिशवीतच ठेवली जाईल, आणि पंधरा दिवस त्या पोचेवरील तारखेपासून मोजले जातील.