पावणेपाच मीटरची लाट? अहो, ती भरती आहे!

नमस्कार मंडळी! हवाईच्या लाटांवरचा मागचा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय. "ताई, आपल्याकडे मुंबईत जुलैमध्ये पावणेपाच मीटरच्या लाटा येतात, मग सर्फिंगला हवाई कशाला?" आज यावरच बोलू.

आधी पटकन उजळणी. हवाईत मोठ्या लाटांवर सर्फिंग करायच्या नावाजलेल्या जागा: ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर वायमिया आणि पाइपलाइन, माउई बेटावर पेआही, जिला सगळे जॉज म्हणतात. मोठ्या लाटांचा मोसम हिवाळ्यात. झालं.

आता ते पावणेपाच मीटर. मंडळी, ती लाट नाही, ती भरती आहे! सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपास एक शून्य पातळी धरलेली असते, तिच्यापासून पाणी किती चढणार त्याचा तो आकडा. बातमीत 'इतक्या मीटरच्या लाटा उसळणार' असं सांगतात, तेव्हा मला खरंच राग येतो. लोक लाटा बघायला किनाऱ्यावर जातात, आणि भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस पडला तर गटारांचं पाणी समुद्रात जात नाही, ही खरी काळजीची गोष्ट मागे पडते.

मी बेलापूरला राहते. मागच्या पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी मुद्दाम दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर जाऊन बसले. सकाळी होड्या चिखलात कलंडलेल्या होत्या, दुपारी त्याच होड्या जेट्टीच्या बरोबरीला आल्या. पाणी चार मीटरच्या आसपास चढलं, पण खाडीवर नुसत्या सुरकुत्या. जाळं विणत बसलेल्या काकांना विचारलं, लाट कधी येणार? म्हणाले, "पाणी चढलंय नुसतं, लाट कुठाय?"

अजून पटत नसेल तर घड्याळ लावा. भरतीचं पाणी चढायला सहा तास लागतात. वायमियाला मोठ्या दिवशी साधारण पंधरा-वीस सेकंदांनी पुढची लाट येते. सहा तासांत हळूहळू चढणाऱ्या पाण्यावर बोर्ड, म्हणजे सर्फिंगची फळी, ठेवून काय होणार? बोर्ड तरंगेल, बस.

आणि गंमत बघा, हवाईत भरती-ओहोटीचा फरक एक मीटरसुद्धा नसतो! तरी तिथे बारा मीटरची लाट उभी राहते. कारण उत्तर पॅसिफिकमधली हिवाळी वादळं. तिथून निघालेली लाट हजारो किलोमीटर खोल पाण्यातून येते आणि बेटाजवळ एकदम उथळ खडकावर आदळते. मुंबईसमोर समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर उथळच आहे, तिथे लाटेचा जोर वाटेतच कमी होत जातो.

बरं, हवाईच्या आकड्यातही घोळ आहेच. तिथले जुने सर्फर लाट मागून मोजतात. ते 'वीस फूट' म्हणतात तेव्हा समोरची भिंत चाळीस फुटांची असते, म्हणजे चार मजली इमारत. वायमियाची 'एडी' ही सर्फिंग स्पर्धा तेवढ्या लाटा आल्या तरच होते, त्यामुळे कित्येक वर्षं होतच नाही.

ही स्पर्धा एडी आयकाऊच्या नावाने आहे. एडी वायमियाचा जीवरक्षक. १९७८ मध्ये होकुलेआ ही होडी समुद्रात उलटली, तेव्हा सोबत्यांसाठी मदत आणायला तो आपल्या बोर्डवरून एकटा निघाला आणि परत आलाच नाही. २०२३ मध्ये ही स्पर्धा जिंकली ल्यूक शेपर्डसनने, तोही जीवरक्षकच, आणि त्या दिवशी ड्युटीवर होता! मधे सुट्टी घेऊन पाण्यात उतरायचा, लाट घ्यायचा, पुन्हा कामावर हजर. हे सांगताना आत्ताही अंगावर काटा येतोय बघा.

वाशी, ऐरोली, कोपरी, खाडीजवळ कुठेही राहत असाल तर पुढच्या अमावास्येला भरतीच्या वेळी पुलावर जा, खांबावरची पाण्याची खूण बघा आणि फोटो पाठवा. पुढच्या व्हिडिओत लावते.