एफपीएस ११०, तरी गेम अडकतो? आकडा झाका, रेघ बघा

नमस्कार मंडळी. आज खरं तर वेगळाच व्हिडिओ करायचा होता. फँटसी कादंबऱ्यांमधल्या जादूला नियम असावेत की नसावेत, यावर अर्धी स्क्रिप्ट लिहूनही झाली होती. पण मागच्या व्हिडिओखाली परत तेच. "दादा, एफपीएस ११० येतोय, तरी शहराच्या वेशीतून आत शिरलो की गेम अडकतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?"

नको. थांब जरा. पाकीट परत खिशात ठेव.

एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं तयार होतात, आणि हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो. हे तुम्हाला माहीत आहे, पुढे जाऊ. आणि हो, याला लॅग म्हणू नका, हात जोडतो. लॅग म्हणजे तुम्ही बटण दाबलं आणि परिणाम उशिरा दिसला. ऑनलाइन खेळताना नेटवर्कमुळे होतो तो. आपण बोलतोय ते झटक्यांबद्दल. दोन्हीला एकच नाव दिलं की औषधही चुकीचं दिलं जातं. मग गेम अडकतो म्हणून बिचारा राउटर बदलून बसतो.

आता हे ऐका. (टाळ्या वाजवत) टप्. टप्. टप्. टप्. आणि आता हे. टप्टप्टप्… … … टप्.

दोन्ही वेळा टाळ्या चारच, वेळही तेवढाच. सरासरी काढलीत तर काडीचा फरक नाही. पण दुसऱ्या वेळी "आता काय झालं?" म्हणून तुम्ही स्क्रीनकडे वाकलात की नाही? तोच झटका. तुमच्या कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा फक्त टाळ्या मोजतो. मधली अंतरं मोजतच नाही.

पटलं नसेल तर हिशेब करू. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. आता समजा पहिली ५९ चित्रं भराभर, ७०० मिलिसेकंदांत आली, आणि साठावं एकटंच ३०० मिलिसेकंद रखडलं. एका सेकंदात चित्रं किती? साठ. आकडा म्हणणार, सगळं उत्तम. आणि तुम्ही ड्रॅगनच्या तोंडात.

म्हणून मागायचा तो फ्रेमटाइम, म्हणजे एकेक चित्राला किती मिलिसेकंद लागले ते. एमएसआय आफ्टरबर्नर (खेळताना कार्डाचे आकडे पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, मॉनिटरिंगच्या यादीत फ्रेमटाइम शोधा, ऑन-स्क्रीन डिस्प्लेची खूण करा, आणि, इथे दहातले नऊ जण चुकतात, शेजारच्या पर्यायात टेक्स्ट बदलून ग्राफ करा. टेक्स्ट ठेवलंत तर परत एक पळता आकडा मिळेल आणि तो वाचेपर्यंत झटका येऊन गेलेला असेल. ग्राफ. मागच्या महिन्यात हेच सांगितलं, तर कमेंट आली, "दादा, फ्रेमटाइम ९ दाखवतोय, चांगलं आहे का?" अरे बाबा, कुठल्या क्षणाचा नऊ? रेघ बघ. सपाट असेल तर झोप शांतपणे. सुळके दिसले तर ते केव्हा येतात ते बघ. किती उंच हा प्रश्न नंतरचा, आधी केव्हा.

हे माझं संशोधन नाही बरं का. २०११ मध्ये द टेक रिपोर्ट या हार्डवेअर तपासणाऱ्या वेबसाइटच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत डोकावून कार्डं तपासायला सुरुवात केली, आणि त्यानंतर परीक्षणांची पद्धतच बदलली. तेव्हा दोन कार्डं जोडून खेळायची हौस होती, एक चित्र या कार्डाचं, पुढचं त्या कार्डाचं. आकडा झकास वाढायचा. प्रत्यक्षात दोन चित्रं जवळजवळ चिकटून यायची आणि मग मोठा खड्डा. परत चिकटून, परत खड्डा. लोक म्हणायचे, एवढा एफपीएस आहे पण काहीतरी बोचतंय. तेव्हापासून आकड्यावरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

अर्थात, नुसत्या "मला जाणवतं" यावरही विसंबू नका. माझीच फजिती सांगतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणला आणि तब्बल सात महिने सगळ्यांना सांगत सुटलो, काय सुंदर चालतंय, डोळे निवले. एक दिवस कशासाठी तरी विंडोजमध्ये सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं करत आत गेलो, तर रिफ्रेश रेट ६०! सात महिने मी साठवर खेळत होतो आणि १४४ चं कौतुक करत होतो. तुम्हीही आत्ताच्या आत्ता बघून घ्या, मी थांबतो.

यावरून कोणीतरी नक्की लिहिणार, "डोळ्याला २४ फ्रेमच दिसतात." हे वाक्य मला स्वप्नातही छळतं. २४ हा आकडा डोळ्याचा नाहीच, तो सिनेमाचा. बोलपट आले तेव्हा आवाजासाठी फिल्मचा वेग पक्का करावा लागला आणि २४ वर सौदा जमला. त्यातही प्रोजेक्टर एकेक चित्र दोन-तीनदा चमकवायचा, नाहीतर पडदा लुकलुकतो. आणि सिनेमा बघताना तुमच्या हातात माउस नसतो, हे विसरू नका.

असो. तर सुळके येतात कशामुळे? कारणं ढीगभर आहेत, पण कमेंटमध्ये दोनच परत परत दिसतात.

पहिलं शेडर. प्रकाश, पाणी, धूर कसा रंगवायचा याच्या या छोट्या सूचना, आणि त्या तुमच्या कार्डाला कळतील अशा रूपात आधी तयार व्हाव्या लागतात. कन्सोलवर हार्डवेअर ठरलेलं, त्यामुळे गेम बनवणारेच तयार करून देतात. पीसीवर प्रत्येकाचं कार्ड वेगळं, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) वेगळा, म्हणून ते काम तुमच्या मशीनवर होतं. ते खेळता खेळता झालं, की पहिल्यांदा आगीचा गोळा फेकलात तेव्हा झटका, दुसऱ्यांदा फेकलात तेव्हा काही नाही. ओळखायची खूण हीच. काही गेम सुरुवातीलाच "शेडर तयार होत आहेत" अशी पट्टी दाखवतात. ती पूर्ण होऊ द्या! ड्रायव्हर अपडेट केल्यावर हे काम बरेचदा पहिल्यापासून होतं, आणि लोक पहिल्या दहा मिनिटांतच ड्रायव्हरला शिव्या घालून जुना परत टाकतात.

दुसरं कारण डिस्क. ७२०० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्या मारणाऱ्या, हार्ड डिस्कची तबकडी एक फेरी मारायला ८.३ मिलिसेकंद घेते. १४४ हर्ट्झवर तुमच्या एका चित्राला मिळतात ६.९. म्हणजे तबकडी एकदा गोल फिरेपर्यंत चित्राची वेळ संपलेली, आणि सुई जागेवर सरकायला लागतो तो वेळ वेगळाच. गेमने नीट आधीपासून मागवून ठेवलं तर निभतं. पण तुम्ही घोडा उधळत वेशीतून आत शिरलात आणि अख्खं शहर एकदम लागलं, की सुळका. इथे कार्ड कितीही भारी घ्या, ते बिचारं हातावर हात ठेवून बसणार.

जी-सिंक किंवा फ्रीसिंक मॉनिटर असेल तर पडदा चित्रासाठी थांबतो, बारीकसारीक चढउतार झाकले जातात. ३०० मिलिसेकंदांचा खड्डा मात्र कुणालाच झाकता येत नाही. आणि ७० ते १३० मध्ये आकडा नाचत असेल तर मी सरळ ७० ला कुलूप लावतो, त्याच्या वर जाऊच देत नाही. यावर दर वेळी भांडण होतं. होऊ दे.

ज्यांना गणित नको त्यांच्यासाठी कादंबरीतून सांगतो, म्हणजे ती अर्धी स्क्रिप्ट वाया जायला नको. आठशे पानांची फँटसी घ्या. तीनशे पानं घोडदौड, मग अचानक चाळीस पानं राजघराण्याची वंशावळ, मग परत घोडदौड. सरासरी वेग? छानच. पण तुम्ही पुस्तक उलटं ठेवून उठलात ते त्या चाळीस पानांत. माझ्या कपाटातल्या एका जाडजूड ग्रंथात ती खूण अजून तिथेच अडकलेली आहे, तिसऱ्या राजाच्या दुसऱ्या राणीपाशी.

आणि तो वेशीवाला. त्याला मी ग्राफ मागितला. रेघ सपाट, वेशीपाशी भाल्यासारखा सुळका, परत सपाट. विचारलं, गेम कुठे टाकलायस? म्हणाला, जुन्या हार्ड डिस्कवर, एसएसडीवर जागा नव्हती. एसएसडीत फिरणारी तबकडीच नसते. जागा करून गेम तिथे हलवला. काल त्याची कमेंट आली: "दादा, वेशीतून लोण्यासारखा जातो. पण आता निवांत बघितलं तर द्वारपालाचा चेहरा फार भयानक आहे. त्याला काय करू?"