अडीच सूत की आठ मिलिमीटर?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या गाडीचे दुर्मिळ नट-बोल्ट कुठे मिळवावेत’. त्यावर मी येणारच आहे. पण ‘कुठे’च्या आधी ‘कोणता’ हे ठरलं पाहिजे, आणि इंजिनं खराब होतात ती इथेच. आपण जुना बोल्ट काउंटरवर ठेवतो, “असाच द्या” म्हणतो. दुकानदार बघतो आणि “अडीच सूत” म्हणून एक काढून देतो. आता अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिलिमीटर. एवढ्यावरून आट्यांबद्दल काहीच कळत नाही. यूएनएफ, बीएसएफ, व्हिटवर्थ ही आट्यांच्या ठरलेल्या पद्धतींची नावं. ५/१६ मध्ये यूएनएफला इंचाला २४ आटे, बीएसएफला २२, यूएनसी आणि व्हिटवर्थला १८, सायकल थ्रेडला २६. म्हणजे एका अडीच सुतात पाच वेगवेगळे बोल्ट झाले, आणि शेजारी आठ मिलिमीटरचा सहावा उभा. त्याची जाडी फक्त सहा शतांश मिलिमीटर जास्त! नुसत्या नजरेने हा फरक कोणालाही कळणार नाही.

यूएनसी आणि व्हिटवर्थचं तर आणखी कठीण. दोघांचे आटे इंचाला १८, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर फिरतोही. पण व्हिटवर्थच्या आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंशांचा, यूएनसीचा ६०. आटे एकमेकांवर पूर्ण टेकत नाहीत, बारीक रेघेवर टेकतात. मोकळ्या हाताने सगळं ठीक वाटतं. ताण आला की ती रेघ चुरते आणि नट ढिला होतो.

आता बडोद्याच्या माणसाने ऐकलीच पाहिजे अशी एक हकिगत सांगतो. हिंदुस्तान मोटर्स सुरू झाली १९४२ साली, ओखा बंदरात. ओखामंडळ तेव्हा आपल्या बडोदा संस्थानात. १९४८ मध्ये कारखाना बंगालात उत्तरपाड्याला गेला, पण ‘हिंदुस्तान १०’ या गाडीचं माहेर गायकवाडांच्या मुलखातलं, हे आपण विसरू नये. ही गाडी म्हणजे इंग्लंडची मॉरिस १०. तिचं इंजिन आणि एमजी टीसी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचं प्रसिद्ध इंजिन एकाच घराण्यातलं.

या घराण्याच्या आट्यांचा इतिहास पॅरिसहून सुरू होतो. हॉचकिस ही फ्रान्समधली तोफा-बंदुका बनवणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला कारखाना काढला. युद्ध संपलं, मशीनगनची मागणी थांबली, आणि तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. पण यंत्रं फ्रेंच, त्यांवरची मोजमापं मेट्रिक. सगळी यंत्रं बदलण्याचा खर्च कोण करणार? म्हणून आटे मेट्रिकच राहिले: एम८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीचे, आणि पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, आजच्या नेहमीच्या १.२५ मिलिमीटरऐवजी १.०. इकडे इंग्लंडमधल्या प्रत्येक गॅरेजात पाने व्हिटवर्थचे. म्हणून बोल्टचं डोकं व्हिटवर्थच्या मापाचं ठेवलं, ०.५२५ इंच, म्हणजे १३.३४ मिलिमीटर. आज त्यावर १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा घसरतो. डोकं इंग्रजी, अंग फ्रेंच! हे मिश्रण एमजीच्या टी मालिकेत १९५० च्या दशकापर्यंत चाललं.

बिघडतं कुठे? मेकॅनिक व्हिटवर्थचं डोकं पाहतो, बोल्ट इंग्रजी धरतो, आणि बारीक आटे म्हणून ५/१६ यूएनएफ लावतो. २४ आट्यांचा पिच होतो १.०५८ मिलिमीटर. चार-पाच फेरे तो छान जातो. पण प्रत्येक आट्याला ०.०५८ चा फरक साठत जातो, आठव्या आट्याला जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो आणि बोल्ट अडकतो. मग पान्याला नळी लावून जोर! बोल्ट कडक पोलादाचा, ब्लॉक बिडाचा. आटे ब्लॉकचेच जाणार. त्यावरचा उपाय म्हणून त्याच भोकात एम८ चा नेहमीचा १.२५ चा टॅप (भोकात आटे कापायचं हत्यार) फिरवतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. जुने आटे आधीच कापलेले, त्यांना आडवे छेदत नवे कापले की धातू उरतोच किती? टॅप फिरवायचाच तर भोकातली घाण काढायला, आणि तोही बरोबर एम८ पिच १ चा. आटे खरंच गेले असतील तर त्याच मापाचं हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा. माप बदलू नका, म्हणजे पुढच्या माणसाला गाडी वाचता येईल.

मापायचं कसं? व्हर्निअरने आट्यांच्या माथ्यावरची जाडी घ्या. झिजलेला बोल्ट थोडा कमीच दाखवतो. दहा आट्यांचं अंतर मोजून दहाने भागा. मग पिच गेज (आट्यांच्या आकाराची दातेरी पानं) लावून उजेडाकडे धरा: ५५ चं आणि ६० चं पान, दोन्ही. ज्या पानाखाली उजेड दिसत नाही तो तुमचा कोन. ल्युकासच्या विजेच्या भागांतल्या बारीक स्क्रूंना बीए पद्धतीचे आटे असतात, कोन साडेसत्तेचाळीस अंश. त्यातला ०बीए बरोबर ६ मिलिमीटर, पिच १, म्हणजे एम६ चा जुळा भाऊ; कोनाकडे पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही.

संयोजकांनी दहा मिनिटांची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा ‘कुठे’ आता भराभर सांगतो.

यूएनएफ-यूएनसीसाठी ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची दुकानं गाठा. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या घडणीत हेच आटे, आणि बोल्ट चांगल्या ग्रेडचे मिळतात. ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा दर्जा: डोक्यावर तीन रेघा म्हणजे एसएई ग्रेड ५, सहा म्हणजे ग्रेड ८. काहीच खूण नसेल तर तो बोल्ट नंबर प्लेटला ठीक, सस्पेन्शनला नाही. बीएसएफ आणि सायकल थ्रेडसाठी जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटची कामं करणारे शोधा. त्यांच्याकडे नाही मिळालं तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट. पण नाव, आटे, लांबी, ग्रेड कागदावर लिहून न्या. भंगारातलं त्याच घराण्याचं एखादं इंजिन नट-बोल्टसकट मिळालं तर अख्खं घ्या.

हॉचकिसवाला बोल्ट मात्र बनवूनच घ्यावा लागतो. अर्धे आटे असलेला एम१० चा ८.८ ग्रेडचा (मेट्रिक बोल्टच्या ताकदीचा हा आकडा) लांब बोल्ट घ्या. मकरपुरा जीआयडीसी या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या चांगल्या टर्नरकडून दांडा ८ मिलिमीटरवर आणा, डोकं मिलिंगवर १३.३४ करा, मग पिच १ चे आटे. डोक्याखाली धारदार कोपरा ठेवू नका, थोडी गोलाई ठेवायला सांगा. बोल्ट तुटतो तो तिथूनच. कनेक्टिंग रॉडचे आणि स्टिअरिंगचे बोल्ट असे बनवू नका, ते खास पुरवठादारांकडूनच आणा. स्टेनलेसचा मोह नको: ए२-७० या स्टेनलेसची यील्ड, म्हणजे बोल्ट कायमचा ताणला जायला लागतो तो ताण, ४५० मेगापास्कल, ८.८ ची ६४०, शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस चिकटून बसतं. नायलॉनचं कडं असलेला नायलॉक नट एक्झॉस्टजवळ नको, त्यातलं नायलॉन १२० अंशांच्या पुढे टिकत नाही. तिथे पितळी नट.

झिंक प्लेटिंग करताना १०.९ आणि १२.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त कडक, बोल्ट वेगळे काढा. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि बोल्ट कसल्यावर काही तासांनी, कधी दिवसांनी, आपोआप तुटतो. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ते भट्टीत गेले पाहिजेत, १९० ते २२० अंशांवर, निदान चार तास. प्लेटिंगवाला “गरज नाही” म्हणाला तर दुसरा शोधा.

आणि ब्रेक. ब्रिटिश घडणीच्या ब्रेक पाइपला बहुधा ३/८ यूएनएफचा नट असतो, नव्या गाड्यांना एम१० पिच १. ३/८ म्हणजे ९.५२ मिलिमीटर. तो एम१० च्या ब्रेक सिलिंडरमध्ये सहज जातो, थोडा सैल, आणि हातात घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पेडल जोरात दाबलं की आटे सोडतो. सिलिंडर बदललेली गाडी हाती आली तर आधी हा नट काढून मोजा.

ज्यांनी नमुने आणलेत त्यांनी ते पुढच्या टेबलावर ठेवा. व्हर्निअर आणि दोन्ही कोनांची पिच गेज तिथेच आहेत. ब्रेकचे नट आधी बघू, बाकीचे नंतर.